पिवळी पाटी

"पाटी येते म्हणजे येते! ती वाचून होय म्हटल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

"नाही आली."

"भाऊजी, आली असणार. तुम्ही न वाचता पुढे-पुढे केलं असणार. सगळे तेच करतात."

"मी? मी न वाचता?" बाबांचा आवाज चिरकला. "अरे, औषधाच्या खोक्यात तो घडीचा कागद असतो ना, मुंगीच्या अक्षरातला, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा औषधवाला अख्ख्या गावात एकटा मी आहे. गिऱ्हाईक समोर खोकत उभं असतं आणि मी वाचत असतो. आणि तू मला सांगतोस, मी वाचलं नाही?"

"मग चष्मा नसेल डोळ्यावर."

"होता."

"मग—"

"मग काय? मग मी खोटं बोलतोय, असंच ना?"

दोघांच्या मध्ये स्टुलावर आई बसली होती. तिने मांडीवरच्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर काहीतरी खरडलं आणि फळा आधी मामाच्या आणि मग बाबांच्या नाकासमोर धरला.

'भांडण नंतर. आधी माझा आवाज.'

दोघंही गप्प झाले. पूर्वी तिच्या नुसत्या 'ए'ने व्हायचे.

हे चाललं होतं मामाच्या दुकानात. दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. जिना वर चढत जातो तसं आतलं छत खाली उतरत येतं, त्यामुळे मागच्या टोकाला मामा वाकूनच काम करतो आणि बाहेर रस्त्यावर आला तरी थोडा वाकलेलाच राहतो. भिंतीभर फळ्या. फळ्यांवर लोकांचे जुने संगणक, कुणाचं झाकण उघडं, कुणाच्या वायरी बाहेर लोंबतायत, कुणावर मालकाच्या पोराने चिकटवलेली वाघाची चित्रं अजून तशीच. धुळीचा आणि तापलेल्या सोल्डरचा वास मामाच्या शर्टाला कायमचा लागलेला आहे. मामी म्हणते, धुऊन जात नाही, लग्नात दिलेला सूटसुद्धा आता तसाच वास मारतो.

मामाला सगळे कात्री म्हणतात. त्याचं खरं नाव घेऊन कुणी दुकान विचारलं तर कोपऱ्यावरचा चहावालाही मान हलवतो; कात्री म्हटलं की चहा गाळता गाळता बोट दाखवतो.

कात्री का, ते सांगायला हवं. संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम नसेल तर तो नुसता पत्र्याचा डबा. ती बसवायला एक भलंमोठं गाठोडं मिळतं, त्याला धंद्यातली माणसं इमेज म्हणतात. त्यात जगातल्या प्रत्येक माणसाला लागेल ते सगळं कोंबलेलं असतं. खेळ, हवामान, जाहिराती, ज्या भाषा आपण जन्मात ऐकणार नाही त्यांची अक्षरं. नव्या संगणकाला हे पेलतं. जुन्याला धाप लागते. मामा ते गाठोडं सोडायचा, नको ते उपसून काढायचा आणि परत शिवून टाकायचा. त्याने शिवलेलं गाठोडं घातलं की भंगारात निघालेला संगणक तरणाबांड होऊन उठायचा.

"दोन दिवस पाहुणा म्हणून जाताना माणूस पाठीवर कपाट घेऊन जातो का?" मामा विचारायचा. "पिशवी पुरते की नाही? मग यालाही पिशवीच द्यायची."

त्या पिशवीचं नाव 'हलकी'. ती त्याने इंटरनेटवर फुकट ठेवून दिली होती. कुठकुठली माणसं ती उतरवून घ्यायची, शाळा, छोटे दवाखाने, वाचनालयं, ज्यांच्याकडे जुने संगणक होते आणि नवे घ्यायची सोय नव्हती अशी सगळी. दर थोड्या महिन्यांनी मामा नवी हलकी काढायचा, आधीच्यापेक्षा हलकी. बाळाचं वजन वाढलं म्हणून आया सांगत सुटतात, तसा हा वजन घटलं म्हणून सांगत सुटायचा.

"तिचं वजन राहू दे," मामी म्हणायची, "आधी स्वतःच्या पोटावर चालवा म्हणावं ती कात्री."

पण उपसण्यात एक गोम असते. आत काय कशाला बांधलेलं आहे, ते वरून दिसत नाही. एकदा मामाने जुन्या कॅमेऱ्यांसाठीचं म्हणून काहीतरी काढून टाकलं आणि एका दातांच्या डॉक्टरांचं एक्स-रेचं यंत्र संगणकाशी बोलेनासं झालं. पेशंट खुर्चीत आ वासून पडलेला, आणि डॉक्टर हातमोज्यांसकट दुकानात. मामाने मूळ इमेज परत घातली, यंत्र चालू झालं, डॉक्टर शिव्या घालून गेले. त्या दिवशी मामा जेवला नाही.

मग त्याने ठरवलं, सूचना लावायची. संगणकातलं जुनं पुसलं जाण्याच्या आधी, अगदी त्या क्षणी पडद्यावर पाटी यायला हवी. त्याने मजकूर लिहिला आणि आमच्या घरी आईला दाखवायला आणला. तेव्हा आईला आवाज होता.

"'काही सुविधा उपलब्ध नसण्याची शक्यता आहे, कृपया नोंद घ्यावी,'" आईने मोठ्याने वाचलं. "हे काय रे?"

"सूचना."

"ही सूचना? तलावावर मी अशी सूचना दिली असती तर निम्मी पोरं तळाला गेली असती. नोंद घेत घेत."

आई पोहायला शिकवायची. मोठ्या बंदिस्त तलावावर, सकाळच्या पाळीला, लहान मुलांना. काठावर उभी राहून तिने 'हनुवटी वर!' म्हटलं की ते फरशांवर आपटून, पाण्यावरून घसरत पलीकडच्या काठावरच्या पोरापर्यंत पोचायचं आणि त्याची हनुवटी आपोआप वर व्हायची. कपडे बदलायच्या खोलीत नुसत्या बसलेल्या आयांच्याही व्हायच्या. शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही.

"लिही," ती मामाला म्हणाली. "थांबा. हा पहिला शब्द. लोकांना आधी थांबवायचं, मग सांगायचं."

आणि तिने सांगितलं, मामाने लिहिलं. ही मूळ इमेज नाही, ही कापलेली आहे. जुनी यंत्रं जोडण्याचं बरंचसं आणि संगणकाच्या बोलण्या-ऐकण्याचं सगळं यातून काढलेलं आहे. ज्या संगणकावर कुणाचं पोट, कुणाचे उपचार किंवा कुणाचा जीव अवलंबून आहे, त्यावर ही टाकू नका. काढलेलं परत आत घालता येत नाही. आधी रिकाम्या संगणकावर करून बघा, आणि मूळ इमेज हाताशी ठेवा.

"आणि पिवळी कर," आई म्हणाली. "खोल पाण्याची पाटी पिवळीच असते."

पुढे तिचा घसा बसायला लागला. आम्ही म्हटलं, ओरडून ओरडून. ती म्हणाली, तलावातल्या औषधाने. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. त्यांनीच हेही सांगितलं, की ऑपरेशनआधी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली तर त्यांवरून संगणक तिचा आवाज तयार करू शकतो. तिने टाइप करायचं, संगणकाने तिच्या आवाजात बोलायचं.

ते रेकॉर्डिंग मामाने केलं. याच खोलीत, या मागच्या टोकाला. भिंतींना गाद्या बांधल्या, छताला रजया. आत आई घामाघूम होऊन बसायची आणि आवाजाचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने दिलेली वाक्यं एकेक करून वाचायची. वाक्यं तरी कसली. 'निळी छत्री कपाटाच्या मागे उभी आहे.' 'उद्या आठ बदकं बाजारात जातील.'

"कात्री, ही बदकं कशाला चाललीत रे बाजारात?"

"ताई, हसू नको, परत घ्यावं लागतं."

"मी परत आल्यावर काय बोलणार आहे लोकांशी? बदकांबद्दल?"

"त्यातून ते सगळे आवाज वेचून घेतात. मग तू काहीही बोलू शकतेस."

"मग एक माझं घे." आणि तिने त्या गाद्यांमध्ये बसून, पूर्ण दमाने म्हटलं, "हनुवटी वर! पाय ताठ! मी आहे इथे!" रजया हलल्या, असं मामा सांगतो.

कंपनीने आवाज तयार करून पाठवला. तो घरच्या संगणकात बसवला, कंपनीकडून त्याचं कुलूप एकदा उघडून घेतलं, आणि ऑपरेशननंतर गळ्याला रुमाल बांधून आलेली आमची आई टाइप करून आम्हाला रागवायला लागली. हुबेहूब नव्हता. जरासा झोपेतून उठल्यासारखा. पण तिचाच. तिने पहिल्यांदा बाबांना हाक मारली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभे राहिले होते.

तो संगणक म्हातारा व्हायला लागला. आवाज उशिरा यायला लागला. आई 'मीठ दे' टाइप करायची आणि सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर संगणक म्हणायचा, "मीठ दे." पाहुणे आले की विषय कुठच्या कुठे जायचा आणि मग मधेच आई मागच्या विषयावर हसायची. वरातीमागून घोडं. सुरुवातीला तीही हसली. मग टाइप करणं कमी झालं. मग ती पाहुणे आले की आत बसायला लागली.

"मी तुला किती वेळा फोन केला?" आता दुकानात बाबा मामाला तेच विचारत होते. "ये, बघ, त्याला काहीतरी कर. काय म्हणालास?"

"येतो म्हणालो."

"रविवारी येतो म्हणालास. कुठल्या रविवारी ते सांगितलं नाहीस."

"भाऊजी, दुकानात काम होतं."

"होतंच. जगाचे संगणक हलके करायचे होते. बहिणीचा सोडून."

"तिच्यावर मी कधी हलकी टाकलीच नाही! मुद्दाम! तिच्यावर मी माझ्या हाताने मूळ घातली होती, कारण हलकीत बोलणंच नाही. मला विचारायचं होतं ना एकदा."

"विचारायला तू यायला हवा होतास. मी म्हटलं, मेहुण्याला कशाला त्रास. अख्खं जग त्याची हलकी वापरतंय, आपल्याच घरात मूळ. तुझ्याच पानावरून उतरवली. आवाजाचं फोल्डर आधी बाजूला काढून ठेवलं, मूर्ख नाही मी. मग टाकली. आणि वाट बघत होतो की काही विचारेल, काही सांगेल. काही नाही. सरळ पुसलं आणि सरळ बसलं. काय पळायला लागला तो संगणक! मी हिला हाक मारली, ये, बोल. आणि तो म्हणतो, आवश्यक घटक सापडला नाही."

"पाटीवर स्पष्ट लिहिलंय, बोलण्याचं सगळं—"

"नव्हती रे पाटी!"

आईने फळा पुसला आणि लिहिलं. 'पाटी मीच लिहिलीय. मला दाखव.'

मामा उठला. "दाखवतो. आत्ता दाखवतो. म्हणजे एकदाचं मिटेल." त्याने फळीवरून एक रिकामा संगणक खाली घेतला, फुंकर मारून धूळ उडवली, पडदा जोडला. बाबांनी उतरवलेली तीच हलकी एका पेन ड्राइव्हवर घेतली, तो खुपसला आणि बाजूला सरून बाबांना पुढे यायची खूण केली. "तुम्हीच दाबा बटणं. नंतर म्हणाल, याने हातचलाखी केली."

बाबांनी चष्मा पुसला, घातला आणि खिशातून काढून दुसराही हातात ठेवला. मामाला दिसेल असा.

पडदा काळा झाला, मग निळा. भाषा विचारली. बाबांनी भाषा दिली. कुठल्या डिस्कवर बसवू विचारलं. बाबांनी डिस्क दाखवली.

"आता," मामा म्हणाला. "आता येईल बघा. पिवळीधमक."

आकडे पळायला लागले. फायली उतरत होत्या.

"हं," मामा म्हणाला. "हा जुना आहे, याला वेळ लागतो."

आई पुढे झुकली होती. पट्टी भरत भरत शेवटाला गेली. संगणक बंद झाला, परत चालू झाला, आणि पडद्यावर स्वच्छ, रिकामं, हलकं-फुलकं काम करायचं पान आलं. कोपऱ्यात मामाने स्वतः काढलेलं छोटंसं कात्रीचं चित्र.

"परत करा," मामा म्हणाला. "काहीतरी चुकलं."

"काय चुकलं?"

"परत करा म्हणतोय ना!"

बाबांनी परत केलं. या वेळी मामा पडद्याला इतका चिकटून उभा होता की त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली. भाषा. डिस्क. आकडे. कात्री.

बाबा जिंकले होते. पण ते जिंकल्यासारखे दिसत नव्हते. ते म्हणाले, "बघ बाबा. जाऊ दे. बघ काय झालंय ते." मघापासून पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले.

मामा आपल्या संगणकावर बसला आणि त्याने हलकीचं गाठोडं सोडलं. आत एकावर एक कप्पे. तो मोठमोठ्याने वाचत होता, आम्हाला नाही, स्वतःला. "ही बघ, पाटी आहे. आहे आत! मी म्हटलं नव्हतं? हा मजकूर, हा पिवळा रंग, सगळं जागच्या जागी आहे." त्याने ती उघडली. दुकानाच्या अंधाऱ्या टोकाला ती पिवळी चौकट एकदम उजळली. थांबा. आईचा शब्द.

"मग दिसत का नाही?" मी विचारलं.

मामा अजून एक कप्पा उघडत होता. मग त्याचा हात थांबला.

आईने फळ्याच्या कडेने त्याच्या खांद्याला टोचलं.

"मदत," मामा म्हणाला.

"कुणाला मदत?" बाबा म्हणाले.

"मदतीची पानं असतात ना. काही अडलं की बटण दाबायचं, मग एक पान उघडतं, त्यात लिहिलेलं असतं काय करायचं. ते पान उघडणारा एक छोटासा भाग असतो. मी पाटी त्याच्यावरच उघडायची सोय केली होती. तो भाग मी काढून टाकला."

"कधी?"

"मागच्या खेपेला." तो पडद्याकडे बघत होता. "म्हटलं, मदतीची पानं कोण वाचतं? एवढीशी जागा वाचत होती. हलकी आणखी हलकी होत होती. माझ्या डोक्यातच आलं नाही, की पाटी त्याच्याच हातात आहे."

"अरे, पण पाटी उघडली नाही तर निदान अडायला तरी हवं होतं ना? तू म्हणालास ना, तिच्याशिवाय पुढे जाताच येत नाही?"

"अडत होतं पूर्वी. जुने संगणक मधेच अडकून पडायचे, लोक ओरडायचे. मग मीच लिहून ठेवलं, पाटी उघडत नसेल तर वाट बघू नको, गुपचूप पुढे जा." मामाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मीच लिहिलंय, भाऊजी. हे बघा. ही ओळ."

बाबांनी ओळ बघितली. त्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तरी शेवटपर्यंत वाचली.

"तपासलं नाहीस? टाकून बघितलं असशील ना?"

"बघितलं की. संगणक चालू झाला, पळाला. मी पळतोय का ते बघितलं. पाटी आली की नाही ते कोण बघतो? ती तर माझीच, मला पाठ." मग तो म्हणाला, "आणि त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. ताईला ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेर बाकावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, हाताला काहीतरी हवं होतं. तिथे बसून काढलं मी ते."

आईने ते ऐकलं. तिचा हात गळ्याच्या रुमालाकडे गेला आणि तसाच मांडीवर परत आला.

एरवी मामाला दुसऱ्यांना ऐकवायची सवय. पण त्यानंतर तो जे बोलला, ते आम्ही ऐकावं असं त्याला वाटत नसावं. त्याने लोकांची पत्रं उघडली. त्या खेपेनंतर हलकी घेतलेल्यांची. एक वाचनालयातली बाई होती, तिच्याकडे दृष्टी नसलेली मुलं संगणकाकडून पुस्तकं वाचून घ्यायची. आता संगणक बोलत नाही, असं तिने लिहिलं होतं. खाली मामाचं उत्तर. 'सूचना वाचायची तसदी घेतली असती तर ही वेळ आली नसती.' एक पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेतला माणूस होता, त्याचं यंत्र जोडलं जात नव्हतं. त्यालाही उत्तर. 'पाटी काय शोभेला लावलीय का?' मामा एकेक उत्तर मोठ्याने वाचत होता, आणि प्रत्येकानंतर म्हणत होता, "आणि पाटी नव्हतीच."

"पुरे," बाबा म्हणाले.

"एकानेही उलट लिहिलं नाही हो, की कुठली पाटी. सगळ्यांना वाटलं, आपणच न वाचता पुढे गेलो. कुणी कुणी तर माफी मागितलीय माझी."

"पुरे म्हटलं ना."

'आवाज,' आईने फळ्यावर लिहिलं आणि खाली जाड रेघ ओढली.

मामाने डोळे पुसले, नाक ओढलं. आईचा संगणक टेबलावर घेतला. त्यावर मूळ इमेज घातली, पूर्ण, जड, खेळ आणि हवामानासकट. ती सावकाश बसली. बाबांनी बाजूला काढून ठेवलेलं फोल्डर आत घेतलं. आवाज तिथे होता. फाइल दिसत होती, भरलेली होती. मामाने ती उघडली.

कुलूप आलं. आवाज सुरू करण्यासाठी एकदा कंपनीशी संपर्क साधावा लागेल.

"लावा की मग संपर्क," बाबा म्हणाले.

मामाने लावला. चाक फिरत राहिलं. संपर्क होऊ शकला नाही. परत लावला. मग त्याने कंपनीचं पान उघडायचा प्रयत्न केला, आणि तिथे दुसऱ्याच कुणाच्या तरी गाद्या विकायला होत्या.

"कंपनी बंद झाली," तो म्हणाला. "लहानशी होती."

"मग पूर्वी कसा चालत होता?"

"पूर्वी एकदा उघडलेलं होतं. त्या डिस्कवर. ते उघडलेपण त्या बसवलेल्या सिस्टिममध्येच होतं. ती पुसली."

"मी पुसली," बाबा म्हणाले.

"तुम्ही पुसली. माझ्या इमेजने."

"आणि ती वाक्यं? ती छत्री, ती बदकं? त्यांच्यावरून परत नाही बनवता येणार?"

"रेकॉर्ड होता होता थेट कंपनीकडे जात होती. मी वेगळी ठेवली नाहीत. जागा खातात म्हणून."

मामाने जे येत होतं ते सगळं करून बघितलं. संगणकाचं घड्याळ मागे नेलं, म्हणजे त्याला वाटावं की कंपनी अजून आहे. जुन्या डिस्कवर पुसलं गेलेलं काही सापडतं का ते शोधलं. वर नवी इमेज बसली होती, खाली काही उरलं नव्हतं. कुणातरी ओळखीच्या माणसाला फोन लावला, त्याने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने विचारलं, मूळ कंपनीला विचारलंत का. दुकानाबाहेर ऊन सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं. बाबांनी चहा मागवला, कुणी प्यायला नाही, वर साय धरली.

"कुऱ्हाडीचा दांडा," मामा स्वतःशीच म्हणाला.

"आता म्हणी नको सांगू," बाबा म्हणाले. "बघ अजून काहीतरी."

मामाने मान वर केली. "एक आहे. मूळ इमेजमध्ये तयार आवाज असतो. ताईचा नाही, पण बाईचाच. आपल्या भाषेत. तो कुठे जात नाही, त्याला कुलूप नाही." तो घाईघाईने बोलत होता. "तात्पुरता, ताई. मी शोधतोच दुसरं काही. पण तोवर तुझं बोलणं तरी होईल. आणि पटकन येतो, बघ. मीठ मागितलंस की लगेच मीठ. टाइप कर. काहीही टाइप कर."

त्याने कीबोर्ड तिच्या मांडीवर ठेवला. आईने त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. दोन बोटांनी टाइप केलं आणि शेवटचं बटण दाबलं.

आवाज खरंच लगेच आला. स्वच्छ, गोड, कुठेही न अडखळणारा. कितव्या मजल्यावर आलोत ते सांगणाऱ्या लिफ्टमधल्या बाईसारखा.

"हनुवटी वर. पाय ताठ. मी आहे इथे."

बाबा भिंतीवरच्या वायरी बघायला लागले.

"वेग कमी करता येतो," मामा म्हणाला. "थोडा जाड पण करता येतो. थांब, हे बघ." त्याने पट्टी सरकवली आणि परत बटण दाबलं. तीच बाई, जराशी सर्दी झालेली. "मी आहे इथे."

"बंद कर," बाबा म्हणाले.

मामाने बंद केलं नाही, तो आईसमोर गुडघ्यांवर बसला. वाकलेला माणूस आणखी वाकला. "ताई, चालेल का हा? सध्यापुरता? नाही म्हण, शिव्या घाल, पण काहीतरी सांग. ताई, मी काय करू ते तरी लिही."

आईने कीबोर्ड उचलून टेबलावर ठेवला. फळ्यावर 'आवाज' अजून तसंच होतं, खाली रेघेसकट. तिने ते तळव्याने पुसलं. पेनाला टोपण लावलं. फळा स्टुलावर ठेवला, पेन त्याच्यावर आडवं. मग जिन्याच्या उताराला डोकं लागू नये म्हणून मान खाली घालून ती दुकानातून बाहेर गेली.